सरांची लाथ समोरची की बाजूची?

खानापूर तालुक्यातून आलेलं पत्र सात पानांचं आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते:

'विसाव्या वर्षी बेळगावात सरांकडे कराटे शिकायला लागलो, आज 54 चा आहे. गावात पिठाची गिरणी आहे, संध्याकाळी समुदाय भवनात क्लास घेतो. सर गेल्या श्रावणात गेले. त्यांनी दिलेले काता (ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींचे संच) जसेच्या तसे सांभाळायचे, एवढंच आता मनात आहे. पण मे महिन्यात एका शिबिरात परीक्षकांनी चारचौघांत सांगितलं की तुमच्या हेइआन निदानमधली लाथ चूक आहे, ती बाजूला पाहिजे, तुम्ही समोर मारता. सर समोरच मारायचे. आता माझी पोरं स्पर्धेत मार्क घालवतात. मोबाईलवर बघावं तर एकाच काताचे दहा प्रकार. खरं कुठलं? दुसरं म्हणजे, दहावी झाली की पोरं सोडून जातात. टिकलीय ती एक मुलगी, सतरा वर्षांची, घरी कानडी बोलणारी. मित्र म्हणतात, सरांचं एवढं धन आपल्यातल्याच कुणाला तरी दे. माझे गुडघे गेलेत. सगळं व्हिडिओ करून ठेवलं तर मी सुटलो का? ता. क. सरांचा काळा पट्टा माझ्याकडे आहे, तो कुणाला द्यावा?'

भाऊ, आधी लाथेचं मिटवू. सात पानांत ती चार वेळा आलीय, म्हणजे झोप तिनंच घालवलेली दिसते.

परीक्षक त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर बोलले. शोतोकान या कराटेच्या शाखेत हेइआन निदानच्या त्या जागेवर, सुरुवातीचे दोन्ही बाजूंचे हात झाले आणि मागं वळलं की बाजूची लाथ आहे. पण या काताचं जुनं नाव पिनान शोदान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये कराटे शिरलं, तेव्हा आंको इतोसू यांनी शाळकरी पोरांसाठी पाच पिनान बसवले, त्यातला हा एक. शितो-ऱ्यू आणि वादो-ऱ्यू या दुसऱ्या शाखांवाले आजही त्या जागी समोरच लाथ मारतात. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी 1922 साली हे सगळं तोक्योला घेऊन गेले. पुढं त्यांनी पिनानचं हेइआन केलं, आणि पहिल्या दोघांची अदलाबदलही केली, कारण जुना दुसरा नवशिक्याला सोपा जायचा. बाजूची लाथ ही त्यांच्या घराण्याची. तेव्हा परीक्षक ज्याला मूळ म्हणाले, तेही कुणीतरी, कधीतरी, काहीतरी कारणानं बदललेलंच आहे.

आता तुम्ही मनात म्हणाल, बघा, सर बरोबर होते! थांबा. सरांची लाथ जुन्या वळणाची होती असं मी म्हटलेलं नाही. सरांनी ती कुठून घेतली हे तुमच्या पत्रात नाही. कुणा शितो-ऱ्यूवाल्याकडून घेतली असेल. किंवा सरांचा खुबा दुखत असेल आणि बाजूला पाय जात नसेल. हसू नका. माझ्या बाबतीत असंच घडलंय.

मी 1983 साली शहापुरात शिकायला लागले. क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये चालायचा, आणि हॉल होता आखूड. हेइआन शोदान या पहिल्या कातात वरचा अडवा घेत, म्हणजे वरून येणारा वार हातानं अडवत, तीन पावलं पुढं जायचं असतं, तिसऱ्याला किआई, म्हणजे आरोळी. आमच्यातल्या पुढच्या रांगेचं तिसरं पाऊल भिंतीला लागायचं, म्हणून ते अर्धंच टाकायचं. मागच्या रांगा पुढच्या रांगेकडे बघून करायच्या, त्यांनीही अर्धंच घेतलं. मग त्या रांगेतली पोरं शिकवायला लागली. कितीतरी वर्षांनी गणपतीच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर आमचं प्रात्यक्षिक होतं. मी बाजूला उभी होते. बारा जण, एका सुरात, तिसऱ्या पावलाला आखडले. समोर भिंत नव्हती, लोक खुर्च्या टाकून बसले होते, तेही लांब. पण बाराही जणांच्या पायांत ती भिंत होती. वाईट म्हणजे, तोवर मी त्या अर्ध्या पावलाचा अर्थसुद्धा शिकवून झाले होते! 'शत्रूचा अंतराचा अंदाज चुकवायचा' म्हणून. पोरं मान डोलवायची.

म्हणून 'जसंच्या तसं' या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. जसंच्या तसं सांभाळताना आपण गुरूचा खुबा आणि हॉलची भिंतही सांभाळत असतो. ते टाकून द्या असं नाही. पण खुब्याला खुबा म्हणून ओळखता आलं पाहिजे.

ते ओळखायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी प्रती ताडून 1584 साली शुद्ध पाठ बसवला. आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. नाथांना स्वतःला ओवी करता येत नव्हती थोडीच? त्यांचं भागवत आहे, भावार्थ रामायण आहे. पण स्वतःची ओवी स्वतःच्या ग्रंथात. ज्ञानेश्वरीत नाही.

तुम्हीही प्रती गोळा करा. सरांचे जुने विद्यार्थी शोधा, वेगवेगळ्या सालचे. तुमच्या आधीचे दोघे-तिघे, तुमच्या बरोबरचे, आणि सरांनी शेवटी शेवटी शिकवलेली पोरं. कुणी टिळकवाडीत असेल, कुणी गोव्यात नोकरीला, कुणी पुण्याला. दिवाळीला सगळे गावी येतातच. एका सकाळी जमवा, कुंद्याचा पुडा ठेवा समोर, नाहीतर कोण येतंय! आणि एक नियम कडक पाळा, एकानं काता करताना दुसऱ्यानं बघायचं नाही. एकेकानं आत जायचं, मोबाईल लावून ठेवायचा, काता करायचा, बाहेर यायचं. एकमेकांचं बघितलं की माणूस नकळत जुळवून घेतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा काता खरा ठरतो.

मग व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघा. जिथं सगळ्यांचं एक आहे ते सरांचं. जिथं जुन्या तुकडीची लाथ बाजूला आणि नव्या तुकडीची समोर, तिथं सरांचा खुबा, किंवा सरांचा बदललेला विचार. जिथं फक्त तुमचंच वेगळं निघेल, तिथं भाऊ, तुमची नरोटी. माझ्या अशा चार निघाल्या होत्या. दोन दिवस जेवण गेलं नाही.

एवढं केल्यावर वही करा. शंभरपानी घ्या, पातळ नको. प्रत्येक काताला दहा पानं सोडा. हालचालींचा क्रम आणि दिशा तर कुठल्याही पुस्तकात मिळतात, त्यात पानं घालवू नका. जे पुस्तकात नाही ते लिहा. कुठं थांबायचं आणि किती, श्वास कुठं, वजन कुठल्या पायावर, आणि त्या जागी सर काय म्हणायचे. सर जे बोलले ते निळ्या शाईनं, तुमचा तुम्ही लावलेला अर्थ लाल शाईनं. ही सरमिसळ होऊ दिलीत तर वही नसलेली बरी.

सर काय म्हणायचे, यावर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रातलं खरं धन मला तिथं दिसलं, आणि तुम्ही ते पाचव्या पानावर जाता जाता लिहून टाकलंय. तेक्की शोदान या कातात घोड्याच्या ठाणात, म्हणजे पाय फाकून गुडघे वाकवून, बसल्या बसल्या पाऊल झपकन वर आतल्या बाजूला येतं आणि परत जागेवर पडतं. जपानीत त्याला नामी-गाएशी म्हणतात, परतणारी लाट. खानापूरच्या पोरानं लाट कुठं बघितलीय? सर म्हणायचे, 'बैल पायावरची माशी झटकतो बघ गा, तस्सं. बैल त्यासाठी हलत न्हाई.' या एका वाक्यात सगळं आलं. वरचं अंग हलायचं नाही, पाय ठरवून उचलायचा नाही, तो झटकला जातो, आणि पडतो तिथंच पडतो. आणि मूठ कमरेला ओढताना 'रहाटाचा दोर ओढायलास, रिकामा हात न्हवं'. पुष्कळ मोठ्या क्लासांत पोरं ती मूठ कमरेला नुसती नेऊन ठेवतात, जशी काही तिथं तिची जागाच आहे. त्या हातात काहीतरी धरून ओढायचं असतं, समोरच्याचं मनगट, बाही, काहीही. हेच समजावायला इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. सरांनी एक रहाट दाखवला.

असे शब्द किती आठवतात ते आधी लिहून काढा. आजच. लाथ नंतर.

आता व्हिडिओ. करा, जरूर करा, पण सुटका त्यात नाही. करायचाच तर चारही बाजूंनी करा, एकदा सावकाश, एकदा पूर्ण वेगात. शहाबादी फरशीवर केलात तर उत्तम. फरशीच्या रेघांवरून ठाणाची लांबी नंतर मोजता येते. आणि मागं गाणं लावू नका. पावलाचा आणि श्वासाचा आवाज येऊ द्या, अर्धा काता त्या आवाजात असतो. तरीही, बैलाचा पाय झटकला गेला की उचलला, हे व्हिडिओत दिसत नाही. ते कळायला शेजारी उभं राहून त्याच्या मांडीवर हात ठेवावा लागतो.

तुमच्या क्लासच्या पोरांचे मार्क जातायत, त्याचं काय? त्यांना बाजूची लाथ शिकवा. सरळ शिकवा, मनात अढी न ठेवता. स्पर्धा ज्यांची, नियम त्यांचे. तोक्यो ऑलिंपिकमध्ये 2021 साली ओकिनावाच्याच र्‍यो कियुनानं कातात सुवर्ण घेतलं तेही नियमांत बसूनच. पोराला दहावीआधी एक पदक मिळालं तर आई अजून दोन वर्षं क्लासला पाठवते, हा हिशेबही लहान नाही. फक्त मंगळवारी स्पर्धेचा काता आणि शुक्रवारी सरांचा, असे वार वेगळे ठेवा, आणि नावंही वेगळी ठेवा. 'हा पुस्तकातला', 'हा सरांचा'. पोरांचा गोंधळ होईल म्हणाल, तर तुमच्या गावची पोरं घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात दोन्ही मिळून तिसरी बोलतात. त्यांना दोन लाथांचं काय?

गोंधळ दोन प्रकारांनी होत नाही, न सांगता केलेल्या भेसळीनं होतो. थोडी लाथ सरांची, थोडा हात मोबाईलवरचा, वर आपली एक ओवी, आणि नाव मात्र 'परंपरा'. असे काता मी आपल्याच भागात भरपूर बघितलेत.

गुडघ्यांसाठी आधी डॉक्टर. माझं एवढंच म्हणणं की खोल बसता येत नाही याची लाज नको. शोतोकानची ती खोल ठाणं नंतरची. ओकिनावात तेक्कीचा मूळ काता नाइहांची, तो आजही उंच आणि अरुंद ठाणात करतात. फुनाकोशींनी तीन तेक्कींवर दहा वर्षं घालवल्याचं स्वतः लिहिलंय. मी लग्न होऊन निपाणीला गेले तेव्हा सराव करायला जागा म्हणजे घर आणि तंबाखूची वखार यांच्यामधला बोळ. दोन्ही हात पसरले की भिंतीला लागायचे. त्यात दुसरा कुठलाच काता मावत नव्हता, तेक्की तेवढा मावायचा, कारण तो पुढं-मागं जात नाही, आडवा एका रेघेत जातो. पहाटे, सासूबाई उठायच्या आधी, अकरा वर्षं मी तो एकच केला. खोल बसले तर कोपर भिंतीला घासायचं म्हणून उंच बसून केला. पदकाचं विचाराल तर एकही नाही. पण आज त्रेसष्टाव्या वर्षी माझ्याकडे जे काही शाबूत आहे ते त्या बोळातलं. तेव्हा तुम्ही उंच ठाणात करा, आणि खोल ठाण सरांचं कसं होतं ते त्या मुलीच्या अंगावर बसवून घ्या.

आता त्या मुलीकडे येते. मित्रांचा सल्ला वाचून मी पत्र बाजूला ठेवलं, चहा घेतला, मगच पुढं वाचलं.

'आपल्यातला' म्हणजे कोण हो? हा काता चीनच्या वाऱ्यावर वाढला. 1936 पर्यंत कराटे हा शब्दसुद्धा 'चिनी हात' अशाच अक्षरांनी लिहायची चाल होती, त्या साली ओकिनावातल्या नाहा शहरात जाणते बसले आणि 'रिकामा हात' पक्कं केलं. ओकिनावातून तोक्यो, तिथून कुठून कुठून बेळगाव, आणि बेळगावातून तुमच्या समुदाय भवनात. इचि, नि, सान असं जपानीत मोजताना यातलं मराठी काय होतं? धारवाडजवळच्या मन्सूर गावचा कानडी घरातला मल्लिकार्जुन, जयपूर घराण्याचं गाणं त्याला अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांनी, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांनी दिलं. ते घरी कुठली भाषा बोलतोस म्हणून विचारत बसले असते तर आपण सगळेच केवढ्याला बुडालो असतो. सीमेचा प्रश्न मला कळतो, 1956 पासून तो आपल्या ताटात वाढलेला आहे आणि त्यावरची माझी मतं मी गिळलेली नाहीत. पण तो मोर्चात. क्लासच्या चपला जिथं काढता, तिथं तोही काढून ठेवा.

आणि तुम्हीच लिहिलंय की 'असं का?' विचारणारी तेवढी ती एकटी आहे. ते पुरेसं आहे. सरांचा बैल तिला सांगा. बैल तिच्या घरीही असेल, नाहीतर शेजारी. मग एक गंमत करा, लहान पोरांना तो तिला तिच्या भाषेत सांगू द्या. 'हिंग माडु', असं कर, म्हणून ती पाय झटकून दाखवेल, तेव्हा बघा बरोबर झटकतोय का. आपलं म्हणणं दुसऱ्या भाषेतून परत आलं की कळतं, दिलं होतं ते पोचलं की नुसतं ऐकलं गेलं.

मात्र एकटीवर सगळं टाकू नका. यात तिच्यावर अविश्वास नाही. गोजू-ऱ्यू या आणखी एका शाखेच्या चोजुन मियागींचा अगदी जवळचा शिष्य जिनआन शिंझातो 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत गेला. त्याच्या अंगात जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं. आपल्याकडे लढाई नाही, पण बारावी आहे, बंगळूरची नोकरी आहे, लग्न आहे. मुलींच्या लग्नाबद्दल मी काय सांगू, सगळ्यांनाच बोळ मिळतो असं नाही. निदान तिघं तरी हवेत, आणि तिघांनाही तुम्ही लिहिलेले पंधराच्या पंधरा काता नकोत. एकाला दोन, दुसऱ्याला तीन असे वाटून द्या, पण जे द्याल ते तळापर्यंत द्या. दहावीनंतर सुटलेल्या पोरांनाही विसरू नका. यात्रेला गावी येतात तेव्हा गिरणीवर बोलवा, आणि पीठ पडेस्तोवर एक काता करायला लावा. अंग विसरत नाही म्हणतात, ते बरंचसं खरं आहे.

आणि स्वतःला पंधराच्या पंधरा हवेत का, हेही विचारा. पाचव्या पानावर तुम्हीच कबूल केलंय की त्यातले पाच-सहा सरांनी एकेकदाच दाखवले होते. ते पुस्तकातून करा आणि पुस्तकातले म्हणूनच सांगा. सरांचे म्हणून जे आहेत ते आठ-नऊ भरतील. पुष्कळ झाले.

पट्ट्याचं शेवटी विचारलंत. मुलीला द्यावा, की क्लासच्या भिंतीवर काचेत लावावा. दोन्हीच्या आधी बेळगावला सरांच्या घरी जाऊन काकूंना विचारा. तुमच्याकडे तो आला कसा हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. पण पस्तीस वर्षं घामट पट्टा दोरीवर वाळत घातला तो त्यांनी. जाताना वहीही न्या. सर घरी काय पुटपुटायचे, कुठला पाय कधीपासून दुखायचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. लाथेचा निकाल कदाचित तिथंच लागेल.